नागरी नदीकाठ आणि मोकळ्या हवेतील विरंगुळा : पुण्याच्या मुळा-मुठेच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

शहरातून वाहणारी नदी ही पाणीपुरवठा व सांडपाणी यांपुरती मर्यादित नसून ती नागरिकांच्या विरंगुळ्याची सर्वांत मोठी सार्वजनिक जागा असते. प्रस्तुत लेखात पुणे शहरातील मुळा, मुठा व मुळा-मुठा या नद्यांच्या काठावरील विरंगुळ्याची पूर्वपीठिका, त्याचे आजचे स्वरूप व त्याच्या मर्यादा यांची चर्चा केली आहे. विरंगुळ्याचे प्रकार पाण्याशी येणाऱ्या संपर्कानुसार वेगळे केल्यास नदीच्या आरोग्याचे सामाजिक मोजमाप करता येते, असे प्रतिपादन येथे केले आहे. काठाचे सुशोभन आणि पाण्याचे शुद्धीकरण या दोन बाबी परस्परांना पर्याय ठरू शकत नाहीत, हा या विवेचनाचा मुख्य निष्कर्ष आहे.

बीजशब्द : नागरी नदी, विरंगुळा, मुळा-मुठा, जलप्रदूषण, पूररेषा, नदीकाठ सुधारणा

१. प्रस्तावना

मराठी भाषेत ‘नदीवर जाणे’ असा एक साधा शब्दप्रयोग आहे. स्नान, कपडे धुणे, पाणी भरणे, पोहणे, देवदर्शन, संध्याकाळची फेरी यांपैकी काहीही त्यातून सूचित होऊ शकते. नदीवर गेलेली व्यक्ती नेमके कशासाठी गेली, हे सांगण्याची गरज पूर्वी भासत नसे. कारण काम आणि करमणूक यांत तेथे स्पष्ट सीमारेषा नव्हती. धुणे धुणाऱ्या स्त्रियांच्या गप्पा आणि काठावरच्या झाडावरून डोहात सूर मारणारी मुले ही एकाच दृश्याची दोन अंगे होती. आज महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या शहरांत हा शब्दप्रयोग जवळजवळ लोपला आहे. नदी ‘ओलांडली’ जाते. नदीवर ‘जाणे’ क्वचितच घडते.

पुणे शहर या बदलाचे ठळक उदाहरण आहे. ज्या दोन नद्यांच्या सान्निध्यात हे शहर वाढले, त्यांच्याकडे आज बहुसंख्य नागरिक पुलावरून, वाहनाच्या खिडकीतून पाहतात. हेच नागरिक सकाळच्या फेरीसाठी पर्वती, तळजाई किंवा वेताळ टेकडी नेमाने चढतात आणि रविवारी पाण्याच्या सहवासासाठी शहराबाहेर खडकवासल्याच्या जलाशयाकाठी गर्दी करतात. म्हणजे चालण्याची आवड नाही असे नाही, पाण्याची ओढ नाही असेही नाही. मग शहराच्या मध्यातून वाहणारी नदी या आवडीची मानकरी का ठरत नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तो केवळ हौसेचा प्रश्न नाही. ज्या नदीशी नागरिकांचा रोजचा आनंदाचा संबंध उरत नाही, तिच्या ऱ्हासाची हळहळही फार काळ टिकत नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) नदीकाठच्या विरंगुळ्याची संकल्पना व प्रकार स्पष्ट करणे.
२) पुण्यातील नदीकाठच्या विरंगुळ्याची ऐतिहासिक पूर्वपीठिका मांडणे.
३) आजच्या उपयोगाचे स्वरूप व त्यातील अडथळे यांचे विवेचन करणे.
४) सुधारणेच्या प्रयत्नांची चिकित्सा करून महाविद्यालयांची भूमिका सुचविणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. विवेचन पुणे शहराच्या हद्दीतील नदीपात्र व काठ यांपुरते मर्यादित आहे.

३. नदीकाठचा विरंगुळा : संकल्पना व प्रकार

विरंगुळा म्हणजे रिकामा वेळ घालविणे नव्हे. श्रमाने थकलेल्या शरीराला व मनाला पुन्हा ताजेपणा देणारी, स्वेच्छेने स्वीकारलेली कृती म्हणजे विरंगुळा. मोकळ्या हवेतील विरंगुळ्यात निसर्गाचा सहभाग हे अधिकचे वैशिष्ट्य असते. नदीकाठाचे वेगळेपण असे की, दाट वस्तीच्या शहरात सलग, लांबवर पसरलेले मोकळे आकाश सहसा तेथेच शिल्लक असते. उद्यानाला कुंपण असते, मैदानाला मालक असतो. नदीचे पात्र मात्र तत्त्वतः सर्वांचे असते.

पाण्याशी येणाऱ्या संपर्काच्या आधारे नदीवरील विरंगुळ्याचे तीन प्रकार करता येतात.

अ) पूर्ण संपर्काचा विरंगुळा : पोहणे, डुंबणे, स्नान. येथे पाणी तोंडावाटे पोटात जाण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

आ) अंशतः संपर्काचा विरंगुळा : नौकानयन, गळ टाकून मासे धरणे, उथळ पाण्यातून चालणे. येथे हातापायांना पाणी लागते, अंगावर तुषार उडतात.

इ) संपर्करहित विरंगुळा : काठाने फिरणे, पक्षिनिरीक्षण, चित्र काढणे, घाटावर किंवा पुलावर बसून गप्पा मारणे.

या तिन्ही प्रकारांना लागणारी पाण्याची गुणवत्ता वेगवेगळी असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात नदीतील स्नानयोग्य पाणी ‘ब’ वर्गात मोडते. स्नानयोग्य पाण्याच्या निकषांनुसार त्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, जैवरासायनिक प्राणवायूची गरज (बीओडी) ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या १०० मिलिलिटरमागे २,५०० च्या वर जाऊ नये, ती ५०० पर्यंत असणे इष्ट, असे मानले जाते. बीओडी म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविताना सूक्ष्मजीव जेवढा प्राणवायू वापरतात त्याचे माप. हा आकडा जेवढा मोठा, तेवढा माशांच्या वाट्याचा प्राणवायू कमी.

वरील तीन प्रकार एखाद्या जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे आहेत. पाणी स्वच्छ असेल तर नागरिक तिन्ही पायऱ्या वापरतात. ते बिघडू लागले की प्रथम पोहणारे जातात, नंतर नावा जातात आणि दुर्गंधी असह्य झाल्यावर फिरणारेही जातात. एखाद्या शहरातील लोक आपल्या नदीवर काय करतात, याची साधी नोंद केली तरी ती नदी कोणत्या पायरीवर उभी आहे हे कळते. प्रयोगशाळेतील तपासणीला हा पर्याय नाही; परंतु हे मोजमाप सामान्य माणसालाही वाचता येते.

४. पुण्याचा नदीकाठ : ऐतिहासिक पूर्वपीठिका

मुठा नदी सह्याद्रीत उगम पावून खडकवासल्यावरून शहरात शिरते. तिच्या उजव्या काठावर जुन्या पेठा, तर डाव्या काठावर पूर्वीचे भांबुर्डे म्हणजे आजचे शिवाजीनगर वसले आहे. मुळशीकडून येणारी मुळा वाटेत पवनेला सामावून घेते. संगमावर या दोन नद्या एकत्र येतात आणि पुढे मुळा-मुठा या जोडनावाने वाहत जाऊन भीमेला मिळतात.

पेशवेकालीन पुण्याचे नदीशी नाते प्रामुख्याने घाट आणि देवळे यांतून घडले. ओंकारेश्वर, सिद्धेश्वर-वृद्धेश्वर यांसारखी शिवालये व त्यांचे घाट, प्रतिपंढरपूर म्हणून ओळखले जाणारे विठ्ठलवाडीचे देवस्थान व तेथील आषाढी एकादशीची यात्रा यांमुळे नदीकाठ हा उपासनेइतकाच भेटीगाठींचा परिसर होता. घाटाच्या पायऱ्यांची रचना या दृष्टीने लक्षणीय आहे. पाण्याची पातळी उन्हाळ्यात उतरो वा पावसाळ्यात चढो, कोणत्या ना कोणत्या पायरीवर बसून पाण्याला हात लावता येतो. पाण्याच्या चढउताराशी भांडण न करता त्याला सामावून घेणारी ही वास्तुरचना होय.

ब्रिटिश काळात या नात्याला निराळे वळण लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून येरवड्याजवळ मुळा-मुठेवर बंधारा बांधण्यात आला. त्याच्या पाणसाठ्यामुळे नौकाविहारास योग्य असे शांत पात्र तयार झाले आणि बंधाऱ्यालगत बंडगार्डन हे उद्यान विकसित झाले. १८६७ मध्ये तेथे फिट्झजेराल्ड पूल उभा राहिला. याच सुमारास कॅम्पातील युरोपीय रहिवाशांसाठी बोट क्लब स्थापन झाला. हा विरंगुळा हौशी व वर्गबद्ध होता; परंतु नदीकाठ म्हणजे निव्वळ फिरण्यासाठी, बसण्यासाठी राखलेली जागा ही कल्पना पुण्यात त्यानेच रुजविली.

नौकानयनाच्या परंपरेत महाविद्यालयाचा वाटा मोलाचा आहे. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२२ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब संगमाजवळ मुठेच्या काठी आहे. त्याचा ‘रिगाटा’ हा नौकानयनाचा वार्षिक सोहळा १९२८ पासूनचा मानला जातो. विद्यार्थ्यांच्या वल्ह्यांची लयबद्ध प्रात्यक्षिके पाहण्यासाठी पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या काठावर जमत आले आहेत.

१२ जुलै १९६१ हा दिवस या इतिहासातील दुभंगरेषा आहे. पानशेत धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासला धरणही फुटले आणि मुठाकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हजारो कुटुंबे बेघर झाली व त्यांचे पुनर्वसन नदीपासून दूरच्या नव्या वसाहतींत झाले. शहराच्या स्मृतीत नदी ही सोबतीण होती, ती या दिवसानंतर भयाचे कारणही बनली. नदीकडे पाठ फिरविण्याची प्रक्रिया केवळ या पुरामुळे घडली असे म्हणता येणार नाही. तथापि, तिला त्याने वेग दिला असे मानण्यास जागा आहे.

५. आजचे स्वरूप

नदीकाठचा विरंगुळा पुण्यातून पूर्णतः नाहीसा झालेला नाही. तो काही ठिकाणी सीमित झाला आहे आणि त्याचे रूप पालटले आहे.

डेक्कन जिमखाना व नारायण पेठ यांना जोडणारा ‘झेड’ पूल हे त्याचे बोलके उदाहरण आहे. दुचाकींसाठी असलेल्या या पुलावर संध्याकाळी तरुण-तरुणी कठड्याला टेकून तासन्‌तास गप्पा मारत असतात. त्यांच्या खाली नदी असते, पण तिच्याकडे पाहणारे थोडे. त्यांना हवा असतो तो वारा, मोकळे आकाश आणि फारसा पैसा खर्च न करता एकत्र बसण्याची मुभा. लहान घरांच्या शहरात ही मुभा किती दुर्मिळ आहे, हे महाविद्यालयीन शिक्षकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. भिडे पुलाच्या परिसरातील कोरड्या पात्रात पावसाळा वगळता खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, मुले खेळतात, वाहने उभी केली जातात. छत्रपती संभाजी उद्यानासारखी काठावरची उद्याने भरलेली असतात. गणेश विसर्जनाच्या दिवशी सर्व घाटांवर माणसांचा पूर लोटतो. मात्र मूर्ती आता बहुधा महापालिकेच्या हौदांत विसर्जित होतात.

दुसरे महत्त्वाचे रूप पक्षिनिरीक्षणाचे आहे. येरवड्याजवळील मुळा-मुठेच्या काठी डॉ. सालीम अली यांच्या नावाने ओळखले जाणारे पक्षिस्थळ आहे. हिवाळ्यात येथे थापट्या, चक्रवाक यांसारखी स्थलांतरित बदके आणि वर्षभर शेकाट्या, वंचक, पाणकावळे, खंड्या असे पक्षी दिसतात. इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक प्रकाश गोळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या परिसराकडे नागरिकांचे लक्ष वेधले. येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. पक्ष्यांची संख्या मोठी असणे हा पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हे. मैलापाण्यात वाढणाऱ्या अळ्या व कृमी यांवर शेकाट्यासारखे पक्षी उत्तम पोसले जातात. म्हणून किती पक्षी आले यापेक्षा कोणते आले आणि कोणते येईनासे झाले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. स्वच्छ पाण्यात मासे टिपणारे पक्षी विरळ होऊन चिखलातील किडे वेचणारे वाढणे, हे नदीच्या घसरणीचेच चिन्ह आहे.

तिसरे रूप नव्याने घडत आहे. ‘जीवितनदी’सारख्या संस्था नागरिकांसाठी नदीफेऱ्या काढतात आणि काठाचा एखादा टप्पा दत्तक घेऊन तेथे नियमितपणे जमण्याचा उपक्रम चालवितात. विठ्ठलवाडी तसेच औंध येथील मुळा व राम नदीचा संगम या ठिकाणी अशा कामामुळे कुटुंबे मुलांसह पुन्हा काठावर येऊ लागली आहेत. येथे कचरा उचलणे, झाडे ओळखणे आणि सहज बसणे यांत फरक उरत नाही. ‘नदीवर जाणे’ या जुन्या शब्दप्रयोगाचा आशय अशा ठिकाणी नव्या अर्थाने परत येत आहे, असे म्हणता येईल.

एकंदर पाहता, पूर्ण संपर्काचा विरंगुळा शहराच्या हद्दीत संपुष्टात आला आहे. अंशतः संपर्काचा विरंगुळा बोट क्लबसारख्या मोजक्या जागी तग धरून आहे. उरलेला सर्व विरंगुळा संपर्करहित प्रकारातील आहे.

६. विरंगुळ्यातील अडथळे

६.१ प्रवाहाचा अभाव

टेमघर, वरसगाव, पानशेत व खडकवासला या चार धरणांची एकत्रित उपयुक्त साठवणक्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. हे पाणी शहराला व कालव्यांद्वारे शेतीला दिले जाते. पावसाळा सरल्यावर खडकवासल्याच्या खाली पात्रात फारसे पाणी सोडले जात नाही. मुळेवरील मुळशी धरणाचे पाणी तर जलविद्युतनिर्मितीसाठी घाटाखाली कोकणात वळविले जाते. परिणामी हिवाळ्यापासून जूनपर्यंत पुण्याच्या पात्रात वाहते ते प्रामुख्याने शहराने वापरून सोडलेले पाणी. आपण ज्याला नदीचे पाणी म्हणतो, ते मोठ्या अंशी आपल्याच घरांतून निघालेले असते.

वाहती नदी खडकांवरून आपटत जाताना हवेतील प्राणवायू शोषून घेते व काही अंशी स्वतःला शुद्ध करते. प्रवाह थांबला की ही क्षमता मंदावते. बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यात नत्र व स्फुरद यांचे प्रमाण वाढून जलपर्णी फोफावते. तिचे दाट आच्छादन सूर्यप्रकाश अडविते, कुजताना प्राणवायू खाते आणि डासांना आश्रय देते. नौकानयनासाठी साठवलेले शांत पाणीच नौकांना अडथळा ठरते, असा हा विरोधाभास आहे.

६.२ सांडपाणी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी तयार केली, तीत मुळा व मुठा यांचा समावेश प्रथम प्राधान्य गटात होता. ज्या पट्ट्यांत बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आढळते, ते या गटात येतात. स्नानयोग्य पाण्याची मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घेतल्यास अंतर किती मोठे आहे ते ध्यानात येते. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जसाहाय्याने ९९०.२६ कोटी रुपयांच्या मूळ खर्चाचा प्रकल्प मंजूर झाला. त्यात एकूण ३९६ दशलक्ष लिटर दैनिक क्षमतेची ११ शुद्धीकरण केंद्रे योजिली होती. या प्रकल्पाचा करार २०१६ मध्ये होऊनही प्रत्यक्ष बांधकाम सुरू होण्यास अनेक वर्षे लागली. शुद्धीकरण केंद्र उभारणे पुरेसे नसते. घराघरांतील मैलापाणी नाल्यात न जाता वाहिनीतून केंद्रापर्यंत पोहोचणे आणि ते केंद्र अखंड चालणे, या दोन बाबी तितक्याच निर्णायक असतात. आंबिल ओढा, राम नदी यांसारखे उपप्रवाह मैला वाहत राहिले, तर मुख्य नदी स्वच्छ होणे शक्य नाही.

६.३ पूर व पूररेषा

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दर्शविली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, तर दोन रेषांच्या दरम्यान निर्बंध असतात. विरंगुळ्याच्या दृष्टीने ही तरतूद अडचण नसून संधी आहे. ज्या जागेवर इमारत उभारता येत नाही, ती जागा मैदान, कुरण, वृक्षराजी, पायवाट यांसाठी मोकळी राहू शकते. वर्षातून काही दिवस पाण्याखाली गेल्याने तिचे फार नुकसान होत नाही.

ही शिस्त पाळली नाही तर काय होते, याचा अनुभव २५ जुलै २०२४ रोजी आला. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग झाल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात घरांमध्ये पाणी शिरले. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी येथे खाद्यपदार्थांची हातगाडी हलवीत असताना तिघांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. ज्यांच्या गाड्यांमुळे इतरांची संध्याकाळ सुखाची होते, पुराची पहिली झळ त्यांनाच बसते. नदीकाठच्या विरंगुळ्याचे कोणतेही नियोजन या माणसांना वगळून केले तर ते अपुरे आणि अन्यायाचे ठरेल.

६.४ पोहोच

काठापर्यंत जाणारी वाट नसणे, दिव्यांचा व स्वच्छतागृहांचा अभाव, राडारोड्याचे ढीग आणि असुरक्षिततेची भावना यांमुळे स्त्रिया, वृद्ध व अपंग व्यक्ती नदीकाठापासून दूर राहतात. खासगी हद्दी थेट पात्रापर्यंत पोहोचल्याने सलग चालत जाणे अनेक ठिकाणी अशक्य होते.

७. सुशोभन की पुनरुज्जीवन?

पुणे महानगरपालिकेने सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ विकास प्रकल्पाचे काम हाती घेतले असून त्याची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. संगमवाडी, बंडगार्डन या पट्ट्यात प्रारंभी काम सुरू झाले. सलग पायवाट, सायकलमार्ग, घाट, बसण्याच्या जागा आणि पूरनियंत्रण ही प्रकल्पाची उद्दिष्टे सांगितली जातात. पोहोचीचा वर उल्लेखिलेला अडथळा त्याने दूर होऊ शकतो, हे मान्य करावे लागेल. दुसऱ्या बाजूला, भराव व तटबंदीमुळे पात्र आक्रसेल, काठावरील जुनी झाडे व अधिवास नष्ट होतील आणि बंधाऱ्यांमुळे पाणी साचून राहील, असे आक्षेप पर्यावरण अभ्यासकांनी घेतले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये वृक्षतोडीविरोधात नागरिकांनी मोठा मोर्चाही काढला.

या वादात अन्यत्रचे दोन अनुभव उपयुक्त आहेत. जर्मनीतील म्युनिक शहरातून वाहणारी ईझार नदी काँक्रीटच्या काठांत जखडलेली होती. २००० ते २०११ या काळात सुमारे ८ किलोमीटर लांबीत हे काठ काढून टाकण्यात आले, पात्र रुंद केले गेले, गोट्यांची बेटे व उतरते किनारे तयार होऊ दिले. त्यामुळे पूर सामावण्याची क्षमता वाढली आणि लोकांना पाण्यापर्यंत उतरता येऊ लागले. त्याच्या जोडीला शहराच्या वरच्या अंगाच्या गावांतील शुद्धीकरण केंद्रांत उन्हाळी हंगामात अतिनील किरणांनी जिवाणू नष्ट करण्याची सोय झाली. आज म्युनिकचे लोक भर शहरात नदीत डुंबतात.

पॅरिसमध्ये १९२३ पासून सेन नदीत पोहण्यास बंदी होती. पावसात गटारे उतू जाऊन नदीत मिसळू नयेत म्हणून ऑस्टरलिट्झ येथे सुमारे ५० हजार घनमीटर क्षमतेचा भूमिगत साठा बांधण्यात आला व इतर अनेक सुधारणा झाल्या. ५ जुलै २०२५ रोजी तीन ठिकाणी नागरिकांसाठी नदीस्नान खुले झाले. मुसळधार पावसानंतर तपासणी समाधानकारक नसेल तर ही ठिकाणे बंद ठेवली जातात. तेथे पाण्याची गुणवत्ता ही रोज जाहीर होणारी, नागरिकाच्या उपयोगाची माहिती बनली आहे.

दोन्ही उदाहरणांत आधी पाण्याचा विचार झाला आहे. या नद्यांची परिस्थिती, पाऊसमान आणि आर्थिक बळ पुण्याहून भिन्न आहे; मान्सूनच्या नदीला त्यांचे अनुकरण जसेच्या तसे लागू पडणार नाही. परंतु क्रमाचा धडा घेण्याजोगा आहे. सुंदर पायवाट बांधली आणि पाणी तसेच राहिले, तर नागरिक नदीशेजारी फिरतील. नदीवर जाणार नाहीत.

८. महाविद्यालयांची भूमिका

पुण्यातील अनेक महाविद्यालये नदीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. नदी ही त्यांच्यासाठी विनामूल्य प्रयोगशाळा आहे. पुढील उपक्रम विविध विभागांना सहज राबविता येतील :

१) रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी ठरावीक ठिकाणचे पाणी दर महिन्यास तपासून नोंदी प्रसिद्ध करणे.
२) प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांनी पक्षी, मासे व काठावरील वनस्पती यांची ऋतूनुसार यादी ठेवणे.
३) भूगोल विभागाने पूररेषा, अतिक्रमणे व काठापर्यंतच्या वाटा यांचे नकाशे तयार करणे.
४) समाजशास्त्र विभागाने काठावर कोण येते, कोण येत नाही व का, याचे सर्वेक्षण करणे.
५) मराठी विभागाने वृद्ध नागरिकांच्या नदीविषयक आठवणी व शब्दसंपदा संकलित करणे. घाट, डोह, उतार, पाणवठा या शब्दांमागील अनुभव जाणणारी पिढी विरळ होत आहे.
६) शारीरिक शिक्षण विभाग व राष्ट्रीय सेवा योजना यांनी केवळ स्वच्छता मोहिमा न घेता नियमित नदीफेऱ्या आयोजित करणे.

शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. विद्यार्थी नदीकडे केवळ झाडू व हातमोजे घेऊन गेले, तर नदी म्हणजे कचरा एवढेच समीकरण त्यांच्या मनात दृढ होते. आनंदासाठी जाण्याचा अनुभव मिळाल्याशिवाय तिच्याविषयी आस्था निर्माण होणे कठीण आहे.

९. निष्कर्ष

१) पुण्यातील नदीकाठचा विरंगुळा पूर्ण संपर्काकडून संपर्करहित प्रकाराकडे सरकत गेला आहे. हा क्रम नदीच्या ऱ्हासाचा सामाजिक आलेख आहे.
२) या बदलामागे प्रवाहाचा अभाव, सांडपाणी, पूररेषेतील हस्तक्षेप व पोहोचीच्या अडचणी ही परस्परांशी निगडित कारणे आहेत. त्यांपैकी केवळ एकावरचा उपाय अपुरा ठरतो.
३) विरंगुळ्याची गरज नाहीशी झालेली नाही. टेकड्या, झेड पूल व खडकवासल्याचा काठ येथील गर्दी तिची साक्ष देते.
४) काठाच्या सुधारणेपूर्वी, निदान तिच्या बरोबरीने, सांडपाण्याचे पूर्ण शुद्धीकरण व पात्रात किमान प्रवाह राखणे आवश्यक आहे.
५) निळ्या रेषेच्या आतील जागा बांधकामाविना, पूर सामावून घेणारी सार्वजनिक मोकळी जागा म्हणून राखणे विरंगुळा व सुरक्षितता या दोन्हींच्या हिताचे आहे.

नदी सुधारली की नाही, याचे उत्तर अहवालातील आकडे देतीलच. परंतु पुण्यातील एखादा पालक आपल्या मुलाला निःशंकपणे मुठेच्या पाण्यात पाय बुडवू देईल, तेव्हा ते उत्तर सर्वांना कळेल. आज ते शक्य नाही. ते शक्य होईपर्यंत नदीकाठच्या प्रत्येक योजनेचे मूल्यमापन याच साध्या कसोटीवर व्हावे, अशी अपेक्षा आहे.